नाव गेलेल्या मजकुराची पूजा

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तुमसरकडच्या एका मँगनीज खाणीच्या कचेरीत संगणक आला. आमचे जावई तिथे नव्याने लागले होते; नोकरी अजून कायम व्हायची होती. यंत्राची सत्यनारायण पूजा सांगण्यासाठी मी अड्याळहून एस.टी.ने गेलो.

यजमानपद भांडाराच्या वृद्ध बाबूंकडे होते. सोवळे नेसून ते पडद्यापुढे सुट्या भागांची यादी पाहत बसले होते. साहेब येण्यापूर्वी यंत्र स्वच्छ असावे म्हणून जावयांनी शेजारच्या दुसऱ्या पडद्यावरून जुनी नावे पुसली, आणि त्यांत त्याच यादीचे नाव पुसले गेले. ज्यांवरून ती यादी उतरवली, ती भांडाराची मूळ कार्डे तर आधीच रद्दीत गेली होती.

जावयांच्या ते लक्षात आले. त्यांनी मला हलक्या आवाजात समजावले की यंत्रात नावे एकीकडे असतात आणि मजकूर दुसरीकडे. नाव पुसले तरी ज्याने मजकूर उघडून धरला आहे, त्याने तो मिटेपर्यंत मजकूर राहतो. मिटला की गेला. नामावाचून रूप टिकते, हे मी शास्त्रात वाचले होते. पडद्यावर टिकलेले प्रथमच पाहिले.

घाबरून त्यांनी तेच नाव पुन्हा लिहिले. नाव आले, पण आत काही नव्हते. बाबूंपुढचा मजकूर त्या नावाला ओळखतच नव्हता. एकच मार्ग उरला: उघडलेली यादी तशीच कागदावर छापून घ्यायची.

“उठू नोका बाबूजी,” जावई म्हणाले. “कोणतीच कळ दाबू नोका. तुमी बंद केलं का सारा भांडार गेला.”

“पंडितजी, जवाई तुमचे,” बाबू मला म्हणाले, “अन् खुर्चीले बांधून राहिले मले.”

मग चौरंगच खुर्चीपाशी नेला. संकल्पाचे पाणी मी त्यांच्या हातावर तिथेच सोडले. छपाईयंत्र करकरत होते, मी कथा सांगत होतो. कथा संपली, छपाई संपली नाही. आरतीला यजमान उठणार, म्हणून मी विष्णूच्या हजार नावांचा पाठ आरंभला. समोर ज्याचे एकही नाव उरले नव्हते, त्याच्या रक्षणासाठी हजार नावे मी सावकाश आणि पूर्ण श्रद्धेने म्हटली.

मध्येच साहेब आले. त्यांनी दुसऱ्या पडद्यावर नावांची सूची पाहिली, भांडाराचे नाव तिथे पाहून समाधानाने मान डोलावली आणि हात जोडून बसले.

शेवटचे पान बाहेर पडले. जावयांनी पाने तपासली आणि होकाराची मान हलवली. बाबूंनी कळ दाबली. पडदा कोरा झाला. एवढे मोठे भांडार गेले, आणि कसलाही आवाज झाला नाही. मी मनोमन नमस्कार केला.

बाबूंच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. दोघांनी धरून त्यांना आरतीला उभे केले. साहेबांना ती भक्तीची विकलता वाटली. जावयांनी पुढे कित्येक दिवस बसून ती पाने त्या रिकाम्या नावाखाली पुन्हा उतरवली, आणि पावसाळ्यापूर्वी ते कायम झाले.