घरच्या माणसावर बोली लागत नाही

माणूस मेल्याशिवाय त्याचं भूत होत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी आमच्या संघातून एक मोसम खेळून बघावा. आमचा दादा आज या घडीला जिवंत आहे, खाडीकाठच्या त्याच्या गावात बोटींची इंजिनं दुरुस्त करत असतो, आणि तरीही गेला अख्खा मोसम तो मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात उभा होता. मी त्याला तिथे पाहिलंय. बुद्धवंदना आणि ‘भूतबित काही नसतं’ या दोन्ही गोष्टी एकाच दमात शिकवणाऱ्या घरात मी वाढलो, म्हणून हे लिहिताना मलाच थोडी लाज वाटते.

दादा म्हणजे सख्खा नव्हे. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात आमची एक छोटीशी बास्केटबॉल लीग आहे, चार संघांची. मी वर्तकनगरचा, डोंबिवलीतल्या एका शाळेत पी.टी. शिकवतो आणि संघात चेंडू पुढे आणायचं काम करतो. दादा कोळीवाड्यातला, माझ्याहून बराच मोठा. मी चेंडू घेऊन जायचो, डाव्या कोपऱ्यात त्याच्याकडे द्यायचो आणि तो तिथून लांबूनच रिंगमध्ये टाकायचा. पुढे पुढे तर मी बघायचोही नाही. पास दिला की पाठ फिरवून परत निघायचो आणि मागून जाळीचा आवाज यायचा.

लीग काढणाऱ्या हौशी मंडळींनी अमेरिकेतल्या लीगचे नियम उचलले होते. संघाने खेळाडूंवर किती खर्च करायचा याला एक मर्यादा, आणि ती ओलांडली तर जेवढा खर्च जास्त तेवढाच दंड लीगला. तिकडे याला लक्झरी टॅक्स म्हणतात. आमची पोरं त्याला माज टॅक्स म्हणायची. आमच्या संघाचे मालक बांधकामवाले, आम्ही त्यांना शेठ म्हणतो. तो टॅक्स ते दर वर्षी भरायचे आणि दर वर्षी कण्हायचे, आणि त्याचं कारण दादा होता.

दादा एवढा महाग झाला तो काही खेळामुळे नाही. पहिल्या लिलावात आमचे शेठ आणि डोंबिवलीचे एक सराफ, दुसऱ्या संघाचे मालक, दोघेही त्याच्यावर बोली लावत सुटले. त्यांचं भांडण गणपतीच्या मिरवणुकीच्या रस्त्यावरून होतं, दादा नुसता मध्ये सापडला. बोली चढत गेली, शेठ जिंकले, आणि तो आकडा वर्षानुवर्षं दादाच्या कपाळी राहिला. कोणी चिडवलं की दादा हसून सांगायचा, मी स्वस्तच आहे, यांचं भांडण महाग आहे.

गेल्या वर्षी शेठनी आम्हा दोघांना साइटवरच्या ऑफिसात बोलावलं. मी कप्तान म्हणून. चहा मागवला, पंखा आमच्याकडे वळवला, आणि म्हणाले, कागदावर दादाला सोडायचं, लिलावात बोली जिथून सुरू होते त्या मूळ किमतीला परत घ्यायचं, की टॅक्स वाचला. एका दिवसाचा तर प्रश्न. दादाने एकच विचारलं, दुसऱ्या कोणी उचललं तर? शेठ म्हणाले, त्याची काळजी मी घेतो. दादाला काळजी असणं साहजिक होतं. लिलाव संपेपर्यंत कोणीच न घेतलेल्या खेळाडूला तो मोसम खेळता येत नाही, असा नियम. आणि पस्तिशी उलटलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधून उतरणाऱ्या माणसाचा एक मोसम हुकला, की पुढचा येईलच याचा भरवसा नाही. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

शेठ शब्दाचे पक्के. त्यांनी उरलेल्या तिन्ही मालकांना स्वतः फोन केले. आमच्याकडे एक रीत आहे, ती कुठल्याच नियमात लिहिलेली नाही. एखाद्याने आपलाच माणूस सोडून परत मागितला, तर त्यावर दुसऱ्याने बोली लावायची नाही. लावली तर लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, पण घरच्या हळदीला बोलवत नाहीत. तिघांनीही होकार दिला. सराफांनी तर मिरवणुकीचं भांडण बाजूला ठेवून, तुमचा घरचा माणूस आहे, निश्चिंत राहा, असं सांगितलं. शेठ हे आम्हाला सांगताना भारावले होते.

लिलाव एका मंगल कार्यालयात होता. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणं अजून उतरवलेली नव्हती. दादा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बायकोबरोबर मागच्या रांगेत बसला होता. पडद्यावर त्याचा फोटो आला, मूळ किंमत पुकारली गेली आणि हॉल गप्प झाला. ती शांतता आदराची होती. सगळे जण मान वळवून कौतुकाने शेठकडे बघत होते. शेठचा हात उचललाही गेला होता, तेवढ्यात शेजारी बसलेले त्यांचे मेव्हणे कानाशी लागले. कोणी बोली लावतच नाहीये, मग आत्ता पूर्ण किंमत कशाला? राहिलेले खेळाडू दुसऱ्या फेरीत अर्ध्या किमतीत येतात. शेठनी हात खाली घेऊन केसांवरून फिरवला. पुकारणाऱ्याने तीनदा विचारलं आणि पुढचं नाव घेतलं.

पुढचं नाव दिवा गावातल्या एका उंच पोराचं होतं. त्याच्यावर सराफांनी बोली लावली. ती लावली नसती तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. सराफांचा हात बघून शेठचं रक्त तापलं. दोघे पुन्हा भिडले, आकडा चढला आणि पोरगा आम्हाला मिळाला. आमची मर्यादा काठोकाठ भरली. दुसऱ्या फेरीत दादाचा फोटो परत आला तेव्हा अर्धी किंमत द्यायची म्हटलं तरी शेठना पुन्हा टॅक्स बसणार होता. ते मोबाइलमध्ये मान घालून बसले. सराफांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मला अजून वाटतं की ते परवानगी मागत होते. पण शेठनी मान वर केली नाही, आणि दिलेला शब्द सराफांनी मोडला नाही. अख्खा हॉल भल्या माणसांनी भरलेला होता आणि एकही हात वर झाला नाही. मागे एका खुर्चीचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. दादा उठून बाहेर गेला होता.

मग मोसम सुरू झाला. पहिल्याच सामन्यात मी चेंडू पुढे नेला, डाव्या कोपऱ्यात पास दिला आणि पाठ फिरवली. मागून जाळीचा आवाज आला नाही. चेंडू रेषेबाहेर जाऊन कुंपणावर आदळला. चुकून झालं म्हणून मी सोडून दिलं. पण ते पुन्हा झालं, पुढच्या सामन्यातही झालं. प्रशिक्षकांनी आधी समजावलं, मग शिव्या घातल्या. मी त्यांना काय सांगणार होतो? मला तो दिसायचा. डोळ्याच्या कडेला, गुडघ्यात किंचित वाकलेला, हात पुढे केलेला. नीट बघायला गेलं की नसायचा, आणि खेळात नीट बघायला वेळ असतो कुठे? एकदा दिव्याचा तो पोरगा माझ्याजवळ आला. पोरगा गुणी, त्याचा यात काहीच दोष नाही. तो हळूच म्हणाला, “कप्तान, तिथे कोणी नाहीये.” पण मी बघत होतो, तोसुद्धा त्या कोपऱ्यात उभा राहत नव्हता. कोणीच राहत नव्हतं. आमचा संघ सबंध मोसम ती जागा सोडून खेळला आणि हरत राहिला.

मला भीती वाटू लागली होती, हे सरळच सांगतो. सकाळी सरावाला सगळ्यांच्या आधी पोचायची माझी सवय मी मोडली. शेवटी एका रविवारी मी त्याच्या गावी गेलो.

तो अंगणात इंजिन उघडून बसला होता. हात तेलाने काळे. मला बघून त्याला बरं वाटलं, बायकोला त्याने सुक्या बोंबलाचं कालवण टाकायला सांगितलं. मी पासांचं सगळं सांगून टाकलं. तो हसला नाही. कापडाला हात पुसत राहिला, आणि म्हणाला की तो दुपारी डोळे मिटून पडला की त्याला तो हॉल ऐकू येतो. आवाज नाही, गप्प झालेला हॉल. शेठवर राग आहे का, असं मी विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली.

“राग कोनावर धरू? सगली माजी मानसं होती रं. त्यातला येक जरी माजा वैरी असता ना, त मी आज खेलत असतू.”

जेवताना त्याने सांगितलं की यंदा लिलावात शेवटचं एकदा नाव देणार आहे. गुडघा आता एवढंच साथ देईल. यंदा नाही तर मग नाहीच.

लिलाव येत्या रविवारी आहे. शेठना पश्चात्ताप झालाय आणि तो खरा आहे, यात मला शंका नाही. दादाचं नाव आलंय हे कळताच त्यांनी पुन्हा सगळ्या मालकांना फोन केले, यंदा त्याला आपणच घेणार, कोणी मध्ये येऊ नका. मेव्हणेही शेजारी बसणारच आहेत. म्हणजे हॉल पुन्हा गप्प बसणार. मी तडक डोंबिवलीला सराफांच्या दुकानात गेलो आणि हात जोडून म्हणालो, यंदा दादावर तुम्ही बोली लावा. शेठ चिडले तर चिडू देत. चिडले तरच त्यांचा हात वर होईल.

सराफ गल्ल्यावरून उठून आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आलेले मी बघितले.

“वेडा का रे तू? बिचाऱ्याचं गेल्या वर्षी एवढं नुकसान झालं, आणि मी पुन्हा त्याच्या आड येऊ? नाही येणार. माझा शब्द आहे तुला.”

मी खूप विनवलं. पण त्या माणसाने दिलेला शब्द आजवर कधी मोडलेला नाही.