लखूच्या पाठीवरचा ड्रम

बाजारकुणंगचा लखू बेळगावच्या पुंडलिक मास्तरांच्या बँडात होता, पण वाजवायला नव्हे, वाहायला. पेट्या ट्रकवर चढवायच्या, उतरवायच्या, पितळ चिंचेनं घासायचं, आणि मिरवणुकीत मोठा ड्रम पाठीवर घेऊन चालायचं. ड्रमवाला यशवंत त्याच्या मागून येई आणि उजव्या बाजूच्या कातड्यावर टोला हाणी. त्या मुलखात या बँडचं नाव इतकं मोठं, की लोक आधी पुंडलिक मास्तर कधी मोकळे आहेत ते विचारत आणि मग भटजीकडे जात.

त्याआधी लखू जंगलात ओंडके ओढायला होता. एकदा उतरणीवर सागाचा ओंडका सुटला आणि त्याचा भाऊ झिलू त्याच्याखाली सापडला. तीन दिवस जगला. तेव्हापासून उतरणीला लावलेला ओंडका नुसता दिसला तरी लखू वाट बदलून जाई. घरच्या पट्टीतलं भात चार महिने पुरायचं. बँडातून काढलं, तर पुन्हा त्याच उतरणीवर उभं राहायचं, एवढा साधा हिशेब होता.

१९५७ च्या वैशाखात कुंभारवाड्यातल्या एका लाकूड कंत्राटदाराच्या घरी लग्न निघालं. रामनगरहून ट्रक जिथवर येत होता तिथवर आला. पुढची दोन मैलांची वाट चालत. मध्ये एक ओढा, गुडघाभर पाण्याचा, तळाला शेवाळलेले धोंडे. सगळे पुढे गेले होते. लखूचा पाय घसरला, तो एका गुडघ्यावर आला आणि ड्रमची डावी बाजू पाण्याला टेकली. क्षणभरच टेकली, पण कातडं भिजलं. बोटानं दाबलं तर पापडाच्या लाटीसारखं आत गेलं.

मास्तरांचा नियम बँडात सगळ्यांना पाठ होता: कातडं भिजलं की लगेच सांगायचं, दोऱ्या ढिल्या करायच्या, सावलीत वाळवायचं. कुंभारवाड्यात पोचल्यावर लखू मास्तरांपर्यंत गेलासुद्धा. मास्तर क्लॅरोनेटची फुंकायची पत्ती जिभेवर ओली करत बसले होते. त्यांनी वर पाहिलं.

"काय रे?"

"काय न्हाई, मास्तर."

आणि तो लग्नघरच्या गोठ्यामागे गेला.

त्याच्या वाडीत घुमट वाजवतात. मातीच्या मडक्याला घोरपडीचं कातडं. ते सैल पडलं की पेटत्या गवतावर धरायचं, घटकाभरात ठणठणीत बोलतं. लखूनं हे शंभरदा केलं होतं. त्यानं वाळल्या गवताची चूड पेटवली आणि ड्रमच्या डाव्या बाजूखाली फिरवली. कातड्यातून वाफ निघाली. ते ताठत गेलं. लखूला हायसं वाटलं, तेवढ्यात बारीक आवाज झाला, वाळकी शेंग फुटावी तसा.

घोरपडीचं कातडं सोसतं ते बकऱ्याचं पातळ कातडं सोसत नाही, त्यात ते दोऱ्यांनी आधीच आवळलेलं. कडेला बोटभर चीर गेली होती. लखूनं ती नखानं मिटवून पाहिली. मग खांद्यावरचा पंचा तिच्यावर सोडला, आणि तेवढ्यात मिरवणूक जिथून निघणार होती त्या देवळाकडून बोलावणं आलं. नवरदेव घोड्यावर बसला होता.

पहिला टोला पडला आणि लखूला तो पाठीच्या मणक्यात कळला. टोल्यामागे एक फरफर होती, पतंगाचा कागद फाटावा तशी. कॉर्नेट, क्लॅरोनेट, झांजा यांच्या गदारोळात दुसऱ्या कुणाला ऐकू येत असेल की नाही, हे त्याला कळेना. प्रत्येक टोल्याला चीर वाढते आहे, एवढं कळत होतं. मांडव दोन फर्लांगांवर. मिरवणुकीच्या चालीनं अर्धा तास. अर्ध्या तासात टोले किती, याचा विचार त्यानं दोनदा सुरू केला आणि दोनदा सोडला.

वाटेच्या कडेला बायकांच्या घोळक्यात, याच गावात दिलेली त्याची पुतळीआत्या उभी होती. ती त्याच्या डाव्या बाजूनं चालू लागली.

"आगं बाई, हा तर आमचा लखू! काय रे, एवढं मोठं मडकं पाठीवर? आन तोंड का असं, तुझंच लगीन लावल्यागत?"

बायका खिदळल्या.

"आत्या, बाजूला हो."

"बेळगावात ऱ्हाऊन वळख इसरलास व्हय रे? घाम बघ किती! थांब, पुसते." तिनं पंच्याला हात घातला.

"हात लावू नको!" लखू ओरडला. बायकांचं हसू थांबलं. आत्या मागे सरली. पुढे चालणाऱ्या मास्तरांनी वाजवता वाजवता मान वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं. गाल फुगलेले, डोळे स्थिर. त्यानंतर ते तीन वेळा वळले. लखूनं मोजलं.

मांडवापाशी बँड थांबला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यानं ड्रम खाली ठेवला, पंचा मात्र तसाच राहू दिला. मास्तर क्लॅरोनेट पुसत त्याच्याकडे आले. त्यांनी काही विचारण्याआधीच लखू बोलला.

"मास्तर, मी फोडलं. वड्यात भिजलं, मी जाळावर धरलं."

मास्तरांनी पंचा उचलला. चीर हातभर झाली होती, आतला अंधार दिसत होता.

"यशवंत, तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या टोल्याला कळलं की," यशवंत म्हणाला. "मग हळू मारत आलो. वाटेत थांबून काय करणार होतो, मास्तर? ड्रमऐवजी घोडा वाजवू?"

मास्तर हसले नाहीत, लखूकडे वळले. "मघाशी माझ्यासमोर उभा होतास. तेव्हा का नाही बोललास?"

"भ्यालो."

"आणि आता?"

"आता त्याहून जास्त भ्यालोय."

मास्तरांनी पंचा परत चिरीवर टाकला. आता "जा" म्हणतील आणि आपण जाऊ, इतकंच लखूच्या मनात होतं.

"नवं कातडं बेळगावात चढेल," मास्तर म्हणाले. "चढवताना तू समोर बसायचंस. कसं चढतं ते बघायचंस. पुढलं तू चढवशील. आता दोऱ्या सोड, दुसरी बाजू तरी वाचू दे."

लखू खाली बसला. पहिलीच गाठ त्याच्या बोटांना सुटेना. बोटं लटलट कापत होती. त्यानं दातांनी धरून पाहिली, तरी सुटेना. शेवटी यशवंत शेजारी उकिडवा बसला, त्याचा हात बाजूला केला आणि म्हणाला, "सोड. तू नुसता ड्रम धर."

लखूनं दोन्ही हातांनी ड्रम धरला. ड्रमही कापू लागला.