दोन गजांची फुगडी

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकते. माहेर सारोळ्याचं, हमरस्त्याच्या कडेचं. ट्रकांच्या आवाजात आपलं म्हणणं ऐकवायचं तर घसा ताणावाच लागतो. लग्न होऊन वेल्ह्यात, पासलीच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत आले, तेव्हा माझं बोलणं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "सून आणली का भोंगा आणला रं?" सगळे हसले. मी रडकुंडीला आले. तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मला अंगणात ओढून नेलं आणि म्हणाल्या, "बोलतीस जोरात, तर फिर बी जोरात. धर हात." आणि अशी गरगर फुगडी घातली की माझा अंबाडा सुटला, राग कुठल्या कुठं गेला.

जाऊबाई, साऱ्या वाडीच्या आक्का, एरवी मुखदुर्बळ. चार शब्दांचं काम दोन शब्दांत करतील. पण फुगडीला उभ्या राहिल्या की वाडीतल्या सगळ्या बायका कडेला सरायच्या. उजव्या हातात उजवा, डाव्यात डावा, पायाला पाय लावून मागं रेलायचं आणि सुटायचं. फुगडीची सगळी मेख त्या रेलण्यात. अंग राखून फिरलात तर नुसती घसटाघसट होते. सगळा भार समोरचीच्या हातावर टाकावा लागतो, आणि तिनं आपल्या. म्हणून बायकांच्या जोड्या ठरलेल्या असतात. जाऊबाईंची जोडीण म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. वीस वर्षं दर गौरींना या दोघींची फुगडी बघायला गडीमाणसंसुद्धा काहीतरी काम काढून थांबायची.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, जाऊबाईंना ताप आला. दवाखान्यात ठेवावं लागलं, ऑक्सिजन लावला. आम्ही तर आशा सोडली होती. देवाची कृपा, त्या परत आल्या. पण त्याच दिवसांत शेजारणीचे सासरे गेले. झालं! वाडीला विषय मिळाला. "हिच्याकडनंच भिंतीपलीकडं गेलं." उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. शेजारीण स्वतः कधी तसं बोलली नाही, पण आमच्या अंगणात यायची मात्र थांबली.

लोकांच्या बोलण्याचं एवढं काही नाही, ते आज बोलतात, उद्या विसरतात. पण जाऊबाईंनी ते खरं मानलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही. तरी ताट वेगळं, तांब्या वेगळा, झोपणं पडवीत. पोरं जवळ गेली की "लांब व्हा". मी पाण्याची कळशी त्यांच्या हातात द्यायला गेले तर म्हणायच्या, "खाली ठेव, म्या घीन." भाताची लावणी झाली, बेणणी झाली, श्रावण सरला, तरी हेच. माणूस दवाखान्यातून घरी आलं होतं खरं, पण घरात आलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. रागावू तरी कुणावर?

अशात गौरी आल्या. नळावर बायकांची चर्चा सुरू झाली. पोलीस पाटलांनी सांगितलं होतं, गर्दी नको, अंगाला अंग लागायला नको. झिम्मा जमेल, लांब उभं राहून फेरही जमेल, पण फुगडी बंद. इथवर ठीक होतं. मग एक शहाणी म्हणाली, "तुमच्या आक्कांस्नी म्हणावं, ओट्यावर बसूनच गाणी म्हणा. खाली नगा येऊ."

"का गं?" मी म्हटलं, "ओट्यावर का? गोठ्यात बांधते की, दावं घालून!"

तिनं आपला हंडा उचलला, पण बाकीच्यांतलीही कुणी माझ्या बाजूनं उभी राहिली नाही. घरी आले आणि भाकरी थापता थापता सगळा राग परातीवर काढला. जाऊबाई पडवीतून ऐकत होत्या. म्हणाल्या, "बरोबर हाय त्यांचं. म्या खालीच येणार न्हाई. ओट्यावर बी न्हाई."

त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता. मला कळून चुकलं की यंदा या बाई अंगणात उतरल्या नाहीत, तर पुन्हा कधीच उतरणार नाहीत.

आता सासूबाईंचं सांगायला हवं. त्यांना मी आत्याबाई म्हणते. कानांनी जरा अधू, पण तोंडानं खणखणीत. पहिल्या वर्षी कुणालाही मोबाईल लावला की आधी एक आवाज हिंदीत सांगायचा, दोन गजांचं अंतर ठेवा. आता गज म्हणजे वार, दोन हातांचं कापडाचं माप, हे हिंदीवाल्यांना ठाऊक. आमच्या घरात गज म्हणजे लोखंडाची सळई. आत्याबाईंनी आपल्या लेकाला गोठ्यामागं पिटाळून संडासाच्या बांधकामातल्या उरलेल्या दोन सळया आणवल्या आणि उंबऱ्याबाहेर आडव्या टाकल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला दम भरायच्या, "तितंच थांबा! सरकारचा हुकूम हाय, मधी दोन गज पायजेत." ग्रामसेवक आले तर त्यांनाही सळयांच्या पलीकडं उभं केलं. ते बिचारे हसू दाबत म्हणाले, "आजी, नियम पाळावा तर तुमच्यासारखा." अर्थ किती वेळा समजावला. "मला नगा शिकवू," म्हणून बाई मोकळ्या.

तर त्या दिवशी मी चुलीपुढं तणतणत होते, "फुगडी बंद म्हणे! हाताला हात लागतो म्हणे!" आत्याबाईंना त्यातलं अर्धंमुर्धं ऐकू आलं. म्हणाल्या, "बंद कशापायी? दोन गज मधी ठिवून घाला की फुगडी. सरकारच सांगतंय."

मी हसायला लागले, आणि हसता हसता थांबले. अगं बाई, खरंच की! हाताला हात लावायचाच कशाला? त्यांच्या-माझ्या हातात दोन गज!

लगेच सळया उचलल्या आणि जाऊबाईंपुढं उभी राहिले. "धरा."

"येडी का काय तू?"

"व्हय, येडी. धरा म्हणते ना! माझा हात काय लागत नाही तुम्हाला."

धरल्या त्यांनी, पण नाइलाजानं. दोन फेरे नाही झाले तोच सळया मध्ये एकमेकींवर आपटल्या, गंज तळहातात रुतला आणि मी मागच्या मागं चिखलात. आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं!" जाऊबाईंच्या तोंडावर पदर होता, पण खांदे हलत होते. किती महिन्यांनी हसल्या होत्या त्या.

मग त्यांनीच डोकं चालवलं. परसात चिव्याचं बेट आहे, बांबूचीच बारीक, भरीव जात. त्यातल्या दोन काठ्या तोडायला लावल्या, पण टोकाशी पेर येईल अशा बेतानं, म्हणजे हात सटकत नाही. विस्तवावर शेकून सरळ केल्या. फुगडीत हात जसे अढी घालून धरतात तशा काठ्या एकीवर एक ठेवल्या आणि जिथं त्या एकमेकींना छेदतात तिथं सुतळीनं सैलसर बांधल्या. आता आपटायचं नाव नाही. पुरत्या वेगानं फिरता येईना, पण फिरता येत होतं. एकच खोट. जाऊबाई रेलायच्या नाहीत. ताठच्या ताठ, सगळा भार स्वतःच्या टाचांवर. मी ओरडायचे, "आक्का, ताण द्या की!" त्या म्हणायच्या, "देतीया की." कुठलं काय! मी मागं रेलून पडायला व्हायचे आणि त्या खांबासारख्या उभ्या.

गौरी जेवल्या, दुपारची आवराआवर झाली आणि आम्ही शाळेच्या पटांगणात गेलो. शाळा बंदच होती. बायका लांब लांब उभ्या राहून झिम्मा खेळत होत्या. मी जाऊबाईंना अक्षरशः काठ्यांच्या टोकाला धरून आणलं. सगळ्या बघायला लागल्या. मी मोठ्यानं गाणं घेतलं, तिथल्या तिथं जुळवलेलं:

"दोन काठ्या मधी गं बाई, दोन काठ्या मधी,
सासू म्हणते गज आणा, सून म्हणते कधी!"

हशा पिकला. फुगडीला तोंडानं पकवा घालायचा असतो, फू-फू करत ताल धरायचा. मास्कमुळं तो कुणाला जमेना. श्वास ओढला की मास्क तोंडात जायचा. त्यावर आणखी हशा. पोरीबाळी चिव्याच्या काठ्या आणायला पळाल्या, जोड्या लागल्या. नळावरच्या त्या शहाणीनंही एक जोड पैदा केली. मी काही बोलले नाही, सणाचा दिवस होता.

आम्ही दोघी फिरलो, पण तसंच. जाऊबाई ताठ. थोड्या वेळानं त्या थांबल्या, म्हणाल्या, "झाली की हौस? जाऊ दे मला घरी." एवढी खटपट केली आणि ही बाई आपली पडवीत जायला निघाली.

तेवढ्यात शेजारीण पुढं आली. घरात दुखवटा, म्हणून तिच्याकडं गौर बसवली नव्हती. ती शाळेच्या भिंतीला टेकून नुसती बघत उभी होती. आली ती सरळ माझ्यापाशी आली आणि माझ्या हातातल्या काठ्या तिनं काढून घेतल्या.

जाऊबाईंनी काठ्या सोडून दिल्या. "नगं गं. तुझ्या घरात आधीच..."

"धर."

"भ्या न्हाई वाटत तुला माजं?"

शेजारणीनं त्यांच्याकडं नीट बघितलं. खोटं बोलायला काहीच लागत नव्हतं, सणासुदीला सगळेच बोलतात. पण ती म्हणाली, "वाटतंय की. लई वाटतंय. भ्या वाटतंय म्हणूनच काठी धरलीया, न्हाईतर हातच धरला असता. आता मागं रेल. म्या सोडायची न्हाई."

मी रडायला लागले, मास्क सगळा ओला. मला भोंगा म्हणतात, पण त्या वेळी तोंडातून आवाज फुटेना. जाऊबाईंनी वाकून काठ्या उचलल्या, आपले पाय नीट जुळवून रोवले, आणि मागं रेलल्या.