हाताला कळतं

नौपाड्यातल्या एका दवाखान्यात डायबेटिसच्या म्हाताऱ्या पेशंटना पायांची काळजी समजावायला एक नर्स असायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पेशंटच्या पायाला हात लावण्याआधी ती आपले तळहात चोळून गरम करायची, हे मात्र पक्कं आठवतं.

माझ्या बाबांच्या तळव्याला जखम झालेली आणि त्यांना पत्ताच नव्हता. पाय बधिर झालेले, नजरही अधू. "त्यांचे पाय मीच रोज बघत जाईन," मी म्हणालो.

"तुम्ही जरा थांबा," म्हणत ती बाबांकडे वळली. "काका, काम काय करायचात?"

"वागळे इस्टेटला कारखान्यात लेथ मशीनवर होतो. तीस वर्षं."

"मग मशीनवरचा लोखंडी जॉब गुळगुळीत झालाय की नाही, कसं बघायचात?"

"बघायचं कशाला? बोट फिरवलं की कळायचं!"

"मग तळव्यावरूनही तसंच फिरवा. रोज, आंघोळ करून पाय पुसले की. डोळे थकलेत, हात नाही थकले तुमचे."

जखम भरली. महिन्याभराने एका सकाळी बाबांनी हाक मारली, "इथे काहीतरी फुगलंय, बघ रे." मला आधी काही दिसेना. उजेडात नेल्यावर बारीक फोड दिसला.

तसेच दवाखान्यात गेलो. "वेळेवर पकडलंत, काका," नर्स म्हणाली आणि पुढची सगळी काळजी तिने बाबांनाच समजावली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबा ताठ बसून मधूनमधून प्रश्न विचारत होते. मी बाजूला नुसता उभा होतो आणि मला फार बरं वाटत होतं.