रोडग्यांच्या रविवारी मी पुण्याला होते

टेम्पोत शेवटचं कपाट चढलं आणि माझी मोठी जाऊ सुशीला हिने माझ्या हातात शेंगदाण्याच्या चटणीची बरणी दिली. ती रडत नव्हती, मीही नव्हते. गल्लीतली अर्धी माणसं ओट्यांवर येऊन उभी होती आणि प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं. कुणी म्हणे पंख्याची पाती सांभाळा, कुणी म्हणे तुळस मागे ठेवू नका, उन्हाने जाईल. मी ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसले आणि देव्हारा मांडीवर घेतला. "भिऊ नको वं, घंटाभराचा तं रस्ता आहे," सुशीला म्हणाली. मी म्हटलं, मी कशाला भिते. माझे पाय टेम्पोच्या पत्र्यावर थडथडत होते आणि इंजिन तर अजून सुरूही झालं नव्हतं.

उमरेडला राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी, आणि आपल्या गल्लीतून पुण्याला, हैदराबादला, थेट कॅनडाला गेलेल्या पोरापोरींसाठी हे लिहिते आहे. कॅनडावाल्यांना हसू येईल. सकाळच्या एसटीने निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी परत, एवढ्या अंतरावर येऊन ही बाई घर सोडल्याच्या गोष्टी सांगते. हसा. पण भीतीला किलोमीटर कळत नाहीत, हे मी एकसष्टाव्या वर्षी शिकले.

हे गेल्यावर दोन वर्षं मी उमरेडच्या घरात एकटी राहिले, तेव्हा एकदाही भ्याले नाही. एकतीस वर्षं शाळेत शिकवलेलं, त्यामुळे भाजीवाल्यापासून तलाठ्यापर्यंत निम्मं गाव माझ्या वर्गातून गेलेलं. रस्त्यात कुणीही "बाई" म्हणून थांबायचं. मग एका सकाळी छातीत कळ आली, नागपूरला आणेपर्यंत सगळ्यांचे प्राण कंठाशी आले, आणि माझी मुलगी मेघा हिने पुण्यात बसून ठरवलं की आईने आता नागपुरातच राहायचं, दवाखान्याजवळ. बेसा भागातल्या एका फ्लॅट स्कीममध्ये तिने गुंतवणूक म्हणून घर घेऊन ठेवलंच होतं. चौथा मजला, लिफ्ट, मागे मोकळा प्लॉट.

सामान लावून झाल्यावर पुण्याला परतताना मेघा दारात उभी राहून म्हणाली, "आई, तू एकटी आहेस हे कुणालाही सांगायचं नाही. अनोळखी माणसाला आत घ्यायचं नाही. कुणी कितीही गोड बोललं तरी." पोरीचं चूक नव्हतं. ती रोज मोबाइलवर कायकाय वाचत असते, आणि आईला मागे टाकून जाताना तिला दुसरं देता तरी काय येणार होतं? तिने मला तिची भीती दिली. मी ती नीट सांभाळली, वाढवली, तिला खाऊपिऊ घातलं.

यांचे काळे बूट मी दाराबाहेर ठेवू लागले. दोन-तीन दिवसांनी त्यांची दिशा बदलायची, म्हणजे घरात पुरुषमाणूस आहे, जातो-येतो असं वाटावं. लिफ्टमध्ये कुणी विचारलंच तर सांगायचं, मुलगी असते ना, फक्त तिची ड्यूटी वेळी-अवेळी असते. खालच्या बाकावर संध्याकाळी बायका बसायच्या, तिकडून जाताना मी फोन कानाला लावायची. कुणी बोलायला आलं की मनात एकच यायचं. ही कोण, हिला काय पाहिजे, हिने माझं दार पाहून ठेवलं असेल का. चाळीस पोरांची नावं पहिल्या दिवशी पाठ करणारी मी, दीड वर्षात त्या चोवीस घरांतलं एकही नाव विचारलं नाही. तीनशे दोनवाली, दोनशे चारवाला, एवढीच माझी ओळख.

शेजारच्या फ्लॅटमधली बाई मात्र सोडत नव्हती. साड्यांना फॉल-बिडिंग करायची, मशीनचा आवाज दिवसभर भिंतीतून यायचा. डिसेंबरात एका बुधवारी तिने बेल दाबली. मी जाळीच्या दारामागूनच बोलले. येत्या रविवारी मागच्या प्लॉटवर रोडग्यांचा कार्यक्रम होता: गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, तूप, वांग्याची भाजी, सगळ्या स्कीमचं जेवण. "ताई, तुम्ही येजा आन् मुलीलेही आणजा. आमी कोणीच नाही पाह्यलं तिले अजून."

झालं. कुठली मुलगी आणणार? मी पटकन म्हणाले की आम्ही दोघी उद्या पहाटेच पुण्याला चाललो आहोत, मंगळवारी परत. ती म्हणाली बरं, आणि गेली.

उमरेडला येऊन राहावं असं मनात आलं होतं. पण तुम्हाला मी दर फोनवर सांगत होते की इथे माझं मस्त चाललंय, नवीन मैत्रिणी झाल्या आहेत. सुशीलाने माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं असतं तर ओळखलं असतं. म्हणून मी माझ्याच घरात लपले. बूट आत घेतले. टीव्ही बंद, पडदे ओढलेले, संध्याकाळी दिवा नाही, अनवाणी चालायचं. बेल वाजली की श्वास धरून बसायचं. कुकर लावायची सोय नव्हती, कारण पुण्याला गेलेल्या बाईच्या घरात शिट्टी कशी वाजेल? डाळ पातेल्यात शिजवायची, तास-तास.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास ओट्यावर अशीच डाळ ठेवली होती. मंद आच. झाकण धरायचं फडकं झाकणावरच टाकून मी मागच्या बाल्कनीत बुधवारपासून राहून गेलेले कपडे काढायला गेले. खाली प्लॉटवर धूर, गाणी, पोरांची पळापळ. कुणाला दिसू नये म्हणून वाकून कपडे ओढत होते तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन लागलं. त्या दाराची बाहेरची मूठ पावसाळ्यातच निखळली होती. मी ती बसवून घेतली नव्हती. बसवायला माणूस बोलवावा लागला असता, आणि अनोळखी माणूस घरात कशाला?

फोन आत होता. स्वयंपाकघराची खिडकी बाल्कनीतच उघडते, ती धुरासाठी उघडी होती पण तिला जाड ग्रिल. त्यातून मला माझा गॅस दिसत होता, निळी ज्योत दिसत होती, आणि झाकणावरून फडक्याचं एक टोक खाली लोंबताना दिसत होतं. ते हळूहळू तपकिरी होत होतं. कपडे वाळत घालायची काठी ग्रिलमधून घातली आणि फडकं पलीकडे ढकलायला गेले. काठी ग्रिलमध्ये अडकून फिरली आणि फडकं उलट ज्योतीकडेच सरकलं. शेजारी तेलाचा प्लॅस्टिकचा कॅन होता. ओट्याखाली सिलिंडर.

खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा माझ्या तोंडून हाक निघेना. मला आगीची भीती वाटत होती आणि तेवढीच भीती वाटत होती की हे सगळे वर बघतील, आणि मी पुण्याला नाही हे त्यांना कळेल. शरम वाटते लिहायला, पण असंच झालं. मग खालच्या मजल्यावरून बाळ रडल्याचा आवाज आला. तीनशे चारमध्ये महिन्याभरापूर्वीची बाळंतीण माहेरपणाला आली होती. ती खाली जेवायला गेलेली नसणार. माझ्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली ते बाळ होतं.

मी ओरडले. पण कुणाच्या नावाने ओरडू? उमरेडला मी कुठल्याही खिडकीतून दहा नावं घेतली असती. इथे तोंडात नावच नव्हतं. शेजारच्या बाईच्या फ्लॅटचा नंबर आठवला, चारशे तीन, चारशे तीन असं ओरडले, ते गाण्यात बुडालं. मग आओ वं बाई, कोणी आहे काय, असं आपल्या गल्लीतल्यासारखं ओरडले. कुणी मान वर केली नाही. आतून फडक्याने पेट घेतला आणि काळा धूर ग्रिलमधून माझ्या तोंडावर आला.

मी हातातले कपडे खाली टाकायला लागले. टॉवेल पहिल्या मजल्यावरच्या तारेवर अडकला. परकर वाऱ्याने भलतीकडे गेला. मग साडी सोडली. ती अख्खी उलगडत खाली गेली आणि रोडगे उलटवणाऱ्या एका माणसाच्या डोक्यावर पडली. त्याने साडी बाजूला केली, वर बघितलं, आणि गाणी बंद झाली.

पुढचं मी ग्रिलमधून पाहिलं. पुढच्या दारावर धडका बसल्या. निखारे ओढायच्या लोखंडी सळईने कुणीतरी लॅच उचकटलं. माझ्या घरात पहिल्यांदा पाहुणे आले ते दार तोडून. शेजारची बाई सगळ्यांच्या पुढे होती. तिने सिलिंडरची खटकी बंद केली, पेटलेलं फडकं चिमट्याने मोरीत टाकलं आणि मग मागचं दार उघडलं. ओट्याची टाइल काळी पडली होती, तेलाच्या कॅनचं बूड वितळून वाकडं झालं होतं. आणखी थोडा वेळ, आणि काय झालं असतं ते मी अजून पूर्ण मनात येऊ देत नाही.

घरात आठ-दहा माणसं. साडी डोक्यावर पडलेला तो गृहस्थ ती घडी करून हातात धरून उभा होता. त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "पुण्याहून कधी आल्या ताई?"

मी खाली बसले. "मी गेलीच नव्हती," मी म्हटलं. "मुलगी इथं राहत नाही. हे साडेतीन वर्षं झाली वारले. मी एकटीच राहते. मले तुमचं सगळ्यायचं भेव वाटे."

कुणी हसलं नाही. कुणी रागावलंही नाही, आणि तेच मला सहन होईना. घडी केलेली साडी त्याने सोफ्यावर ठेवली. एका बाईने पाणी दिलं. थोड्या वेळाने खालून स्टीलच्या ताटात दोन रोडगे आले, तुपात बुडवलेले, जरा करपलेले, कारण ते उलटवायला कुणी उरलंच नव्हतं. मी हुंदके देत देत दोन्ही खाल्ले.

रविवार असल्यामुळे लॅचवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. दार नुसतं लोटलेलं, ज्याची मी दीड वर्ष रोज कल्पना करून भ्याले तसं. संध्याकाळी शेजारची बाई आपली गादी घेऊनच आली. तेव्हा मी तिचं नाव विचारलं. रेखा. माहेर इथलंच, नागपुरातल्या नंदनवनचं. मी म्हटलं, रेखा, मी तुला खोटं सांगितलं, माफ कर. ती गादीवर चादर घालत होती, तिचे हात थांबले नाहीत.

"मले माहीतच होतं तुम्ही घरी आहा," ती म्हणाली. "तुमची मोरी आन् माही मोरी एकाच भिंतीले. रोज सकाळी सहाले बालदीचा आवाज ये. आला का मी चहा मांडो."

मी विचारलं, मग एकदा दार का नाही वाजवलंस?

"तुमाले नसन भेटायचं तं कशाले वाजवू?" मग चादरीचं टोक खोचत म्हणाली, "माही आई नंदनवनात एकटी राहे. दोन दिवस तिचं दार बंद होतं. शेजाऱ्यायले वाटलं, गेली असन पोरीकडं. मी इकडं मशीनवर बसून राहिली होती, मले काय माहीत. तुम्ही पुण्याले चालल्या म्हणून सांगतलं ना, तवापासून मी पाचलेच उठून बसो. आवाज आला नसता तं मी आपल्या हातानं दार तोडलं असतं."

मी ज्या बाईपासून श्वास धरून लपत होते, ती भिंतीपलीकडे श्वास धरून माझी वाट बघत होती. मी घाबरत होते त्याहून जास्त ती घाबरलेली होती, आणि ते माझ्यासाठी.

त्याला आता वर्ष होईल. लॅच बसल्यावर मी वही घेतली आणि चोवीस घरांत नावं विचारत फिरले. दोन दारांवरून तर भीतीने बेल न दाबताच परत आले होते. आता शनिवारी आम्ही सहाजणी तर्री-पोहे खायला चालत जातो, आणि तिखटाने नाक गळायला लागलं की एकमेकींना नावं ठेवतो. बाळंतिणीचं बाळ आता पाऊल टाकायला लागलं आहे, ते आजोळी आलं की मी आधी माझा गॅस बंद आहे का ते बघून येते. मेघाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला रेखामावशींचा नंबर दे.

भीती गेली असं मात्र समजू नका. अनोळखी नंबरवरून फोन आला की मी अजून उचलत नाही, लिफ्ट मध्येच थांबली तर रामरक्षा सुरू करते. तुम्ही विचारता, घर आता कुठलं मानतेस, उमरेड की बेसा? उमरेडला मी कोण आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ते घर होतं. इथे अजून पुष्कळांना माहीत नाही. पण मी रोज सहाला मोरीत जाते आणि बालदी जरा जोरातच आपटते. मग उभी राहून ऐकते. पलीकडे चहाचं भांडं वाजलं की नळ सोडते.