ओट्यावरची हजेरी

निवृत्तीनंतर मी स्वस्थ बसेन, असं घरच्यांना वाटलं होतं. इतकी वर्षं मला ओळखून कसं वाटलं कोण जाणे!

कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढं तालुक्याला जायचं तर एसटी लांबच्या फाट्यावर थांबायची. मुलगे कुणाच्याही मोटारसायकलवर बसून जायचे, मुली घरी बसायच्या. माझ्या शेवटच्या वर्गात प्रश्न विचारून भंडावून सोडणारी एक मुलगी होती. तिच्या वडिलांनी सांगून टाकलं, "गावात गाडी आली तर पाठवू, न्हाईतर न्हाई." मला राग आला, पण त्यांची काळजी खोटी नव्हती. मी आगारात गेले. तिथले साहेब म्हणाले, ग्रामसभेचा ठराव आणा.

आमची ग्रामसभा भरायची ती तहकूब व्हायलाच. माणसं कमी आहेत म्हणायचं, चहा प्यायचा, घरी जायचं. सरपंच माझा विद्यार्थी. मी दिसले की अजूनही खुर्चीवरून उठायचा. मनानं चांगला, पण कुणाशी वाकडं घ्यायची त्याची तयारी नसायची.

मी ठरावासाठी गेले त्या सभेतही तो म्हणाला, "गणपूर्ती न्हाई, बाई. पुढच्या टायमाला बघू." तोवर आठवीचे प्रवेश संपून गेले असते.

बाहेर ओट्यावर बायका डोक्यावर पदर घेऊन नेहमीसारख्या बसल्या होत्या.

"आणि या कोण?"

"त्या भाईर हायेत, बाई. भाईरच्या धरत न्हाईत."

माझं डोकंच फिरलं. दारात उभी राहिले आणि वर्गातल्या आवाजात हजेरी घ्यायला लागले. अमक्याची बायको, तमक्याची आई असं नाही, प्रत्येकीचं स्वतःचं नाव. पहिली लाजली, दुसरी तोंडाला पदर लावून हसली, मग एकेक "हजर, बाई" म्हणत आत येऊ लागली. सरपंचाच्या बायकोनंही "हजर" म्हटलं, तेव्हा त्यानं ग्रामसेवकाला मान हलवून खूण केली, "घ्या लिहून."

त्या मुलीच्या आईचं नाव पुकारलं, तर ती जागेवरच बसून राहिली. पुन्हा पुकारलं. शेजारणीनं ढोसलं तशी ती उठून माझ्यासमोर आली.

"मी साळंत कदी गेलेच न्हाई, बाई. काय म्हनायचं आसतंय?"

"हजर म्हणायचं."

"हजर," ती म्हणाली. मग सरपंचाकडं वळून, "आन् माजी पोर बी साळंत हजर पायजे."

ठराव झाला. आगारात खेटे घालून माझ्या चपला झिजल्या, पण गाडी आली. मुलगी आठवीला गेली. पुढच्या निवडणुकीत याच बायकांनी मला सरपंचपदाला उभं केलं आणि निवडून आणलं. आधीच्या सरपंचानंही माझाच प्रचार केला. सुटलो म्हणाला.

आता सभा हजेरीनंच सुरू होते आणि बायका आत सतरंजीवर बसतात. परवा ती मुलगी पहिल्यांदा सभेला आली. अठरा पूर्ण झाली, कॉलेजात जाते. मी तिचं नाव घेतलं. तिनं तोंड उघडायच्या आत तिची आई ओरडली, "हजर, बाई!"

"दुसऱ्याची हजेरी द्यायची नसते," मी दटावलं. मग मुलीचं नाव पुन्हा पुकारलं, मागच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा आवाजात.