तुमचे ऑडिटर कोण?

सीएच्या ऑफिसात फाइली साचतात असा लोकांचा समज आहे. फाइलींचं काय, मुदत संपली की त्या रद्दीत जातात. किस्से मात्र कुणी रद्दीत घालत नाही. दुपारच्या चहाला एक निघाला की त्याच्यामागून दुसरा येतो, आणि मूळ बोलणं कशावरून सुरू झालं होतं ते कुणालाच आठवत नाही. मी दिल्लीत शिकले, तिथल्याच एका मोठ्या फर्ममध्ये काही वर्षं काढली आणि गेल्या वर्षी हट्टानं नांदेडला परत आले. दिल्लीत किस्से नव्हते. तिथे पॉलिसी होत्या.

परत का आले? कारण माझं मनापासून मत आहे की सीएच्या सहीची किंमत सगळीकडे एकच असली पाहिजे. ज्या नियमानं दिल्लीत सही होते, त्याच नियमानं नांदेडात झाली पाहिजे. आमच्या फर्मचे मालक म्हणजे सर. साठी ओलांडलेले, बोलणं कमी. मुलाखतीत हे सगळं मी त्यांना एका दमात ऐकवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "नियमानं चालायचं तर एखादा क्लायंट जातो. चालंल?"

"चालेल."

"उद्यापासून ये."

*

प्रॅक्टिसचं लायसन हातात आलं, त्याच आठवड्यात भोकरहून बाबांचा फोन. बाबा तिथे शाळेत मास्तर आहेत. "स्टँडसमोर तुझा फ्लेक्स लागलाय. लई मोठा आहे," ते कौतुकानं म्हणाले.

आम्हाला लायसन देणाऱ्या संस्थेचा नियम स्पष्ट आहे : सीएनं स्वतःची जाहिरात करायची नाही, दुसऱ्याकडून करून घ्यायची नाही. कुणी तक्रार केली तर नवंकोरं लायसन थेट चौकशीत! मिळेल ती बस पकडून भोकर गाठलं. फ्लेक्सवर मी, माझ्यामागे उगवता सूर्य, खाली "जीएसटी, इन्कम टॅक्स, सर्व कामे खात्रीशीर" आणि माझा मोबाइल नंबर. शेजारी माझा चुलतभाऊ गणेश खुशीत उभा.

"गण्या, काढ हे आत्ताच्या आत्ता. सीएला जाहिरात चालत नाही."

"ताई, इथं माणूस नगरसेवक व्हायच्या आधी बॅनर लावून राहिला. तू तर पास होऊन आलीस."

"लायसन जाईल माझं."

हे त्याला पटलं. "करतो काहीतरी," म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं मोबाइलवर फोटो पाठवला. माझा चेहरा, माझं नाव, नंबर, सगळ्यावर पांढरा कागद चिकटवलेला. उरलं होतं फक्त "हार्दिक अभिनंदन", आणि खाली गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांची रांग.

मी फोन केला. "अख्खा का नाही काढलास?"

"शुभेच्छुकांवर बी बंदी हाय का ताई? पोरांनी वर्गणी भरलीय."

*

लायसन आल्यावर मी पहिली सही केली ती एका दुकानदाराच्या बँकेच्या कागदांवर. त्यानं कागद उजेडात धरून पाहिला आणि परत टेबलावर ठेवला.

"म्याडम, सही सरांची पाहिजे."

"का? माझ्याकडेही लायसन आहे. तुमच्या डोक्यावर भिंतीला लावलंय, बघा."

"लायसनचं न्हाई हो. तुमची सही वाचता येऊन राहिली. ह्याच्यावर बँक कर्ज देईल का?"

*

हल्ली आम्ही दाखल्यावर सही केली की संस्थेच्या साइटवरून एक नंबर काढून तो सहीखाली टाकावा लागतो. तो नंबर साइटवर घातला की दाखला खरा की खोटा हे कुणालाही घरबसल्या कळतं. मला हा नियम इतका आवडतो की क्लायंट उठायला लागले तरी मी त्यांना बसवून समजावते.

त्याचा एवढा प्रसार झाला की नायगावचे एक गृहस्थ भावी जावयाच्या उत्पन्नाचा दाखला घेऊनच आले. सही सरांचीच होती. आमचे जुने अकाउंटंट मुबीनभाई यांनी नंबर साइटवर घालून दाखवला. हिरवी खूण आली.

गृहस्थ सरांकडे वळले. "म्हणजे दाखला खरा?"

"खरा."

"आकडे खरे?"

"कागद बघूनच सही केली."

"आन पोरगा?"

सरांनी चष्मा काढला. "पोराचा नंबर काढायची सोय संस्थेनं अजून केली न्हाई."

*

हा नंबर काढायला ओटीपी लागतो. सरांचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो काकूंकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे असतो, कारण सरांना फोन वाजलेला सहन होत नाही. त्यामुळे आमच्या फर्मची प्रत्येक सही काकूंच्या पर्समधून जाते.

एकदा एका मुलाच्या परदेशी ॲडमिशनसाठी दाखला हवा होता, मुदतीचा शेवटचा दिवस. काकू नेमक्या भाचीच्या लग्नात. मुबीनभाईंनी फोन लावला. मागे मंगलाष्टकं दणदणत होती.

"काकू, ओटीपी आला असंल बघा."

"कुणाच्या कागदाचा?"

"पोरगं परदेशी चाललंय."

"थांब, पर्समधून चष्मा काढते."

आवाजात मुबीनभाईंना काहीच ऐकू येईना. "जोरानं काकू, जोरानं," ते ओरडले. काकूंनी बेंबीच्या देठापासून आकडे सांगितले, आणि नेमकं त्याच क्षणी मंगलाष्टक संपलं. अख्ख्या मंडपानं ओटीपी ऐकला!

दुसऱ्या दिवशी मी गंभीरपणे काकूंना समजवायला गेले, की ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो. काकू म्हणाल्या, "अगं, मंडपात सगळे आपलेच होते."

*

त्या 'आपलेच'नं माझी झोप उडवली. ऑडिटरचं क्लायंटशी नातं नसावं, हा तर आमच्या कामाचा कणा. हिशेब तपासणारा घरचाच असेल तर तपासलं काय? मी लगेच सगळ्यांना एकेक कागद दिला : कोणत्या क्लायंटशी तुमचं जवळचं नातं आहे ते लिहून सही करा.

मुबीनभाईंनी बराच वेळ पेन चावलं. "म्याडम, ज्यांच्या शादीत जेवलो ते बी लिहू?"

"नाही. फक्त जवळचे नातेवाईक."

"मग सोपं हाय. पन जेवलो लई ठिकाणी, हे आधीच सांगून ठेवतो."

सरांनी एका ओळीत "कोणीही नाही" लिहिलं. तेवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. त्यांनी कागद वाचला.

"आणि तुमच्या मावसभावाचा पेट्रोल पंप?"

"मावसभाऊ कायद्यात नातेवाईक धरत न्हाईत."

"बरं. मावशींना तसं कळवू का?"

माझा कागद मात्र खरोखर कोरा होता. सरांनी तो हातात धरला. "ह्याच्यासाठीच तुला घेतलं. आपल्या क्लायंटांत तुझं कुणी न्हाई," ते म्हणाले. "पाडव्याला तुला पार्टनर करून घेतो." मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. त्या दिवशी मी घरी जाताना रिक्षावाल्यालाही सांगितलं.

*

आणि त्याच महिन्यात आईनं लातूरचं स्थळ आणलं. मुलाचं नाव निखिल, नांदेडजवळच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंग झालेलं, आता वडिलांबरोबर 'स्वतःचा व्यवसाय'. मध्यस्थानं एवढंच सांगितलं होतं. मंडळी भोकरला आली. बोलता बोलता कळलं की व्यवसाय म्हणजे डाळ मिल, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी.

त्याच्या आईनं मला विचारलं, "तुला काही विचारायचंय का ह्याला?"

"तुमचे ऑडिटर कोण?" मी विचारलं.

निखिलचा चेहरा खुलला. "नांदेडचेच आहेत. कंपनी निघाली तेव्हापासून तेच." आणि त्यानं आमच्या सरांचं नाव घेतलं. हे काम सर स्वतः लातूरला जाऊन करायचे. मी त्या फाइलीला कधी हात लावला नव्हता.

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. "मग जमणार नाही."

"का? सर तर लई चांगले आहेत."

मग मी समजावून सांगितलं. मी पाडव्याला त्या फर्मची पार्टनर होणार. पार्टनरच्या नवऱ्याच्या कंपनीचं ऑडिट फर्मला करता येत नाही. म्हणजे एक तर सरांनी त्यांचा सगळ्यात जुना क्लायंट सोडायचा, नाही तर मी पार्टनरशिप. आई मला चिमटे काढत होती. निखिल मात्र मोबाइलकडे न बघता शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"म्हणजे अडचण माझी न्हाई, ऑडिटरची आहे," तो म्हणाला.

"ते ऑडिटर आहेत तोवर मला काही विचारूच नका."

पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, "त्यांना कायदा शिकवायला बोलावलं होतं का?" खरी पंचाईत अशी होती, की मुलगा मला आवडला होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम, सरांना सगळं सांगितलं. लपवणं शक्यच नव्हतं.

"पोरगा कसा आहे?" सर म्हणाले.

"सर, प्रश्न मिलचा आहे."

"मिल मी तुझ्या जन्माआधीपासून बघून राहिलो. मिल चांगली आहे. मी पोराचं विचारलं."

"तुमचा क्लायंट माझ्यामुळे जाऊ देणार नाही मी. नकार कळवते."

सरांनी पुढची फाइल ओढली. "आज रिटर्नची मुदत आहे. आधी ते भर."

नकार कळवायचा राहून गेला. एक दिवस राहिला, मग रोजच राहत गेला.

*

पाडवा आठवड्यावर आलेला. दुपारची वेळ, काकू डबा घेऊन आलेल्या, आणि दारात निखिल. हातात पाकीट. सरळ सरांच्या टेबलाकडे गेला. "लातूरच्या नव्या ऑडिटरनी दिलंय. पोच पाहिजे म्हणाले."

आमच्यात नियम आहे : दुसऱ्या सीएचं काम हाती घ्यायच्या आधी नव्यानं जुन्याला लेखी विचारायचं, की तुमची काही हरकत आहे का. सरांनी पत्र मोठ्यानं वाचलं. ते वाचताना एकदाही अडखळले नाहीत. लातूरचा तो सीए सरांच्याच हाताखाली शिकलेला, आणि पत्राची भाषा अगदी सरांच्या भाषेसारखी. मसुदा कुणाचा, हे मला विचारावं लागलं नाही.

पत्र घडी घालून सर निखिलला म्हणाले, "ऑडिटर बदलायचं तुम्ही ठरवलं. पण ही पोरगी हो म्हणालीय का?"

"न्हाई सर. ह्या म्हणाल्या होत्या, तुम्ही ऑडिटर आहात तोवर विचारायचं न्हाई. म्हणून आधी हे केलं. आता विचारायला आलोय."

मुबीनभाईंनी प्रिंटर बंद केला. सरांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. मी ते वरपासून खालपर्यंत वाचलं.

"ह्याला कंपनीचा ठराव जोडलेला नाही," मी म्हणाले.

"संचालक खाली गाडीत बसलेत," निखिल म्हणाला. "आई-बाबाच आहेत. वर बोलावू का?"

काकूंनी डब्याचं झाकण परत लावलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

"लिफ्ट बंद आहे," मी म्हणाले. "त्यांना सांगा, जिना जरा जपून चढा."